पक्षी ‘नैसर्गिक मधुमेही’? आधी हा शब्द तपासा
पक्ष्यांच्या चयापचयावर वाचताना ‘पक्षी नैसर्गिकच मधुमेही असतात’ हे वाक्य तुम्हाला भेटेल. ते दिशाभूल करतं. माणसाची उपाशीपोटी साखर डेसिलिटरला 70 ते 100 मिलिग्रॅम. मालवणातल्या परसातल्या निरोगी कोंबडीची 200च्या वर. किनाऱ्यावरचा समुद्री गरुड मासे खातो, आहारात पिष्ट जवळजवळ नाहीच. तरी शिकारी पक्ष्यांची साखर अशीच चढी, कारण यकृत ती प्रथिनांपासून बनवतं. कोंबडीत इन्सुलिनला दाद देणारा ग्लूट-4 वाहकच सापडलेला नाही. म्हणजे हा बिघाड नव्हे, घडणच वेगळी. म्हणून शहामृगाला मधुमेही ठरवण्याआधी निरोगी शहामृगांचे आकडे मागा. एवढ्या साखरेत पक्षी धडधाकट कसे राहतात, हा खरा संशोधनाचा प्रश्न. ‘मधुमेही’ म्हटलं की तोच झाकला जातो.