प्रोजेक्ट : एक दुर्लक्षित साहित्यप्रकार

मराठी समीक्षकांनी कथा, कादंबरी, नाटक, कविता या सगळ्यांचा यथेच्छ समाचार घेतलेला आहे. पण उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दर सहामाहीला ज्याचं पीक गोणींनी निघतं, त्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या 'प्रोजेक्ट'कडे एकाही समीक्षकाची नजर वळलेली नाही. मी काही समीक्षक नाही. बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. पण एक भाचा, दोन शेजारी आणि आमच्या शिपायाची मुलगी अशा चौघांची प्रोजेक्टं मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहेत. माझ्या माहितीप्रमाणे हा विक्रम आहे. खुद्द ती तपासणारे प्राध्यापक... पण जाऊ द्या. एका वर्गात शंभरावर मुलं, त्यात शिकवणारा तासिका तत्त्वावरचा, म्हणजे शिकवलेल्या तासांचे पैसे आणि तपासलेल्या गठ्ठ्याचं पुण्य. त्याने तरी काय करावं? फाईल हातात घेऊन तो वजनाचा अंदाज घेतो, भाजीवाला कोबी उचलून बघतो तसा.

या साहित्यप्रकाराचा सर्वांत अस्सल भाग म्हणजे ऋणनिर्देश. प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, ग्रंथपाल (त्यांची आणि लेखकाची भेट झालेली नसते), आई-वडील आणि परमेश्वर, सर्वांचे आभार. ज्याने खरोखर काम केलं त्या स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याचं नाव मात्र कुठेच नाही. हल्ली म्हणे फोनलाच प्रश्न घातला की तो अख्खं प्रोजेक्ट लिहून देतो, त्यामुळे झेरॉक्सवाल्याच्या वाट्याला स्पायरल तेवढी उरली आहे.

पुढे मजकूर. तो कुठून कुठून आणला हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. पान चारवर अक्षर बारीक, पान पाचवर ठसठशीत, पान सहावर मध्येच चौकोनी कंसात ३ हा आकडा. मी भाच्याला विचारलं, "हा तीन कसला रे?"

"तो तिथेच होता, मामा."

तळटीप नाही, यादी नाही. नुसता आकडा. आमच्या बँकेत याला व्हाउचरशिवाय एंट्री म्हणतात आणि ती करणाऱ्याला साहेब केबिनमध्ये बोलावतात. कॉलेजात त्याला संदर्भ म्हणतात. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आता इतका जुना झाला की तो सांगणाऱ्यालाही हसू येत नाही. पण इथल्या कारागिराने अमेरिकन पँट समोर ठेवून तशीच शिवली, तरी निदान माप घेतलं, कापड कापलं, शिलाई घातली. भाच्याने कापडही कापलेलं नव्हतं.

विषय होता जलप्रदूषण. चाळीस पानं. त्यात गंगा होती. जपानचं मिनामाता होतं, तिथे १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेचा रोग कसा उघडकीला आला ते अगदी हळहळ वाटेल असं लिहिलेलं होतं. वालधुनी मात्र नव्हती. अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून जाणारी ही नदी, हा मुलगा जिच्या काठाने रोज नाकाला रुमाल लावून जातो, ती चाळीस पानांत एकदाही येत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात कुणीतरी रात्री या नदीत टँकरने रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यांत गेली. तेव्हा भाचा बालवाडीच्या आसपासचा. पण त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ती सकाळ लख्ख आठवते. तिला विचारलंस का म्हटलं, तर म्हणाला, "आईला विचारलेलं चालतं?"

हा प्रश्न मला त्या चाळीस पानांपेक्षा मोलाचा वाटला. चालतं की नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. 'संशोधन म्हणजे काय' याची व्याख्या, वैशिष्ट्यं आणि महत्त्व त्याला तोंडपाठ होतं.

भाच्याचं दुसरं प्रोजेक्ट आपल्या सांस्कृतिक वारशावर होतं, आणि तिथे तर मी खुर्चीत ताठ बसलो. पान सातवर लिहिलं होतं की अंबरनाथचं मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं. पान बारावर लिहिलं होतं की ते शिलाहार राजांनी इसवी सन १०६० मध्ये बांधलं. मधल्या चार पानांत कुठेही भांडण नाही. दोन्ही विधानं एकाच स्पायरलमध्ये गुण्यागोविंदाने नांदत होती. एकाच दिवसाच्या दोन निरनिराळ्या शिलका लिहून मी घरी गेलो असतो, तर दुसऱ्या दिवशी परत यायची गरज राहिली नसती.

"यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही दिलंय, मामा. सर म्हणतात, सगळे मुद्दे यायला हवेत."

मुद्दे यायला हवेत. ते एकमेकांना भेटायला हवेत असं कुणी म्हणत नाही. वास्तविक याच देवळात युक्तिवादाचा उत्तम धडा दगडात कोरून ठेवलेला आहे, आणि तो ताईच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. उत्तरेकडच्या दारावर शिलालेख आहे. त्यावरचं साल डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असं वाचलं, म्हणजे इसवी सन ८६०. भाऊ दाजी म्हणजे लहान असामी नव्हे. पण त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो लेख पुन्हा वाचला आणि सांगितलं की तो आकडा सात नव्हे, नऊ आहे. शके ९८२. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, १०६०. राजा मम्मुणी. एका आकड्यात दोनशे वर्षांचा फरक! ज्याने कधी सातचा नऊ वाचून संध्याकाळी सहा वाजता कॅश जुळवली आहे, त्यालाच यातला थरार कळेल. साहेबाची एंट्री हाताखालच्या माणसाने दुरुस्त केली, तीही दगडाजवळ जाऊन, आणि आज सगळे ९८२ च धरतात. हे भगवानलाल जुनागढचे. कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली. आणि १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी या देवळाची चित्रं आणि साचे घ्यायला इथे आले होते. त्यांनाही प्रोजेक्टच म्हणायचं, नाही का?

मुलांना वाद घालता येत नाही, हे मात्र कुणी मला सांगू नये. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये बदलापूरकरांनी चढावं की नाही, या विषयावर फुटबोर्डावर लोंबकळत ही मुलं जो वाद घालतात, तो विधानसभेत ऐकायला मिळणार नाही. प्रतिपक्ष काय म्हणेल ते आधीच ओळखून त्याचं उत्तर तयार. आपल्याकडच्या जुन्या शास्त्र्यांचा पूर्वपक्ष-उत्तरपक्ष आणखी काय वेगळा होता? पण हीच मुलं वर्गात गेली की मुकी. कारण घरी जन्मापासून "उलट बोलू नकोस" आणि "वाद घालू नकोस" हे दोन मंत्र. अठरा वर्षं तोंड मिटायला शिकवायचं आणि एकोणिसाव्या वर्षी वीस मार्कांसाठी म्हणायचं, "आता स्वतःचं मत मांडा."

खरा युक्तिवाद मी काउंटरवर शिकलो. कॅम्प तीनमधले एक वृद्ध दुकानदार आमच्याकडे येत. एकदा म्हणाले, "साईं, ब्याज कम आया है." आवाज चढलेला नाही. खिशातून ठेवीची पावती काढली, मग पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेला हिशेब. दर, दिवस, रुपये, वर पैसे. मी तपासला. हिशेब बिनचूक होता. मग मी दाखवलं की फरक व्याजाचा नाही, टीडीएस कापला आहे. त्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "तो फिर सर्टिफिकेट दो." दावा, पुरावा, माझी हरकत, तिचा स्वीकार आणि तिच्याही पुराव्याची मागणी, सगळं चार मिनिटांत. मागे रांग खोळंबली होती ती वेगळी.

२०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात चौथं वर्ष करून संशोधनासह पदवी घेता येते. बेत झकास आहे. पण चौथ्या वर्षी संशोधन मागायचं, तर पहिल्या वर्षी निदान "हे कशावरून?" एवढे दोन शब्द शिकवायला हवेत. त्याला ना पुस्तक लागतं, ना स्पायरल. लागतो तो वीस मुलांचा वर्ग, आणि मुलाने लिहिलेलं वाचून "पान सात आणि पान बाराचं पटत नाही, पुन्हा लिहून आण" म्हणायला सवड असलेला माणूस. त्या माणसाला पगार मिळायला हवा, ही माझी बी.कॉम. पुरवणी.

भाच्याने पुढच्या सहामाहीला वालधुनीच घेतली. आईला विचारलं, देवळामागच्या दोन आजोबांना विचारलं, ते तिथे पोहत असत. कोण काय म्हणालं ते नावनिशीवार लिहिलं. दोघा आजोबांचं नदी कधी बिघडली यावर पटत नव्हतं, तर तेही लिहून कुणाचं अधिक पटतं आणि का, यावर एक पान खर्च केलं. एकूण नऊ पानं. मिळाले वीसपैकी अकरा, शेवटी लाल शाईत शेरा, 'पाने कमी.' शेजारच्या पोराने मिनामाता पुन्हा चालवलं, त्याला सतरा.

ताई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. सहा मार्क माझ्या खात्यावर नावे टाकले आहेत असं म्हणते. भाचा मात्र परवा देऊळ बघून आला आणि विचारत होता, "मामा, ९८२ तरी बरोबर कशावरून?"