आठ सप्टेंबरचा स्वर

पेटीवर काळी एकचा षड्ज धरायचा. गंधाराला हात लावून पंचमावर जायचं, पंचम पुन्हा घेऊन तिथे टेकायचं, मग गंधार, रिषभ आणि खाली षड्ज. षड्जावरून पुन्हा वर चढून एकदा पंचमाला शिवायचं आणि परत येऊन रिषभावर थांबायचं. सहा महिने पेटी शिकलेलं मूलही हे वाजवेल. आंतोनिन द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीच्या दुसऱ्या भागाची, 'लार्गो'ची, ही पहिली ओळ.

मी ती पहिल्यांदा पेटीवर शोधली तेव्हा आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. आईचा द्वोर्झाकशी काही संबंध नव्हता. तिचं सगळं ऐकणं भजनी मंडळातलं आणि रेडिओवरचं. तिनं आतूनच ती ओळ गुणगुणायला घेतली, कारण तिच्या लेखी मी भूपाळी वाजवत होते. पुढची ओळ लागली. ती धैवतावरून वरच्या षड्जाला जाते आणि उतरताना शुद्ध निषादाला स्पर्श करते. तिथे आई थांबली. "अगं, हा निषाद कुठून आणलास?" तिनं विचारलं. भूपात निषाद नाही हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं, तिच्या कानाला ते खटकलं होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे, आणि शोधायला दर वर्षी आठ सप्टेंबरला बसते. कारण या तारखेला जन्मलेल्या तीन माणसांनी, प्रत्येकानं आपल्या परीनं, दुसऱ्याच्या घरचा स्वर आपल्या घरी आणला. द्वोर्झाक १८४१चा, भूपेन हजारिका १९२६चे आणि आशा भोसले १९३३च्या. तारीख एक असण्यात योगायोगाखेरीज काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिघांना एका संध्याकाळी पाठोपाठ ऐकलं की एकाच्या आवाजात दुसऱ्याचं काहीतरी उमगतं, ते एरवी उमगलं नसतं.

आणखी एक गोष्ट मला नकाशा पाहताना दिसली. तिघंही नदीकाठचे. द्वोर्झाकचं नेलाहोझेव्हेस हे गाव प्रागच्या उत्तरेला व्ल्टाव्हा नदीवर. भूपेनदांचं सदिया आसामच्या पूर्व टोकाला, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. आणि आशाताईंची सांगली कृष्णेवरची.

द्वोर्झाकचा बाप खाटीक होता, खानावळ चालवायचा आणि झिदर वाजवायचा. मुलगा प्रागच्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात बरीच वर्षं व्हायोला वाजवत होता. व्हायोला हे मधल्या पट्टीतलं वाद्य. व्हायोलिनच्या झळाळीमागे आणि चेलोच्या घुमाऱ्यापुढे ते बसतं, आणि बहुतेकांच्या कानाला वेगळं जाणवतही नाही. मधल्या फळीत बसणारा माणूस दोन्ही बाजूंचं ऐकतो. द्वोर्झाकचे कान तिथे घडले असावेत असं मला वाटतं.

१८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीनं त्याला संचालक म्हणून बोलावलं, वर्षाला पंधरा हजार डॉलरवर. संस्थापक जेनेट थर्बर यांची अपेक्षा अशी की या बोहेमियन माणसानं अमेरिकेला तिचं स्वतःचं संगीत शोधून द्यावं. तिथे हॅरी बर्ली नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याचे आजोबा गुलामीत जन्मलेले, पुढे दृष्टी गेलेले. आजोबांच्या तोंडून ऐकलेली स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामांची भक्तिगीतं, बर्ली द्वोर्झाकला त्याच्या घरी गाऊन दाखवायचा. या गाण्यांत अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया आहे, असं द्वोर्झाकनं वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं. अनेक गोऱ्या संगीतकारांना ते रुचलं नाही. पण १६ डिसेंबर १८९३ला 'न्यू वर्ल्ड' कार्नेगी हॉलमध्ये वाजली.

यातलं कुठलंही गाणं मी जसंच्या तसं उचललेलं नाही, त्यांच्या वळणाची माझी स्वतःची धून केली आहे, असं द्वोर्झाकचं म्हणणं होतं. लार्गो ऐकताना ते पटतं. सुरुवातीला पितळी वाद्यांचे मोजके, जड स्वरसंघ येतात. पांढरी तीनच्या पट्टीतून निघून ते अवघ्या काही पावलांत काळी एकवर पोचतात, म्हणजे एका घरातून निघून भलत्याच घराच्या उंबऱ्यावर. हे स्थलांतर इतक्या थोडक्यात घडतं की आपण प्रवास केला हे पोचल्यावर लक्षात येतं. मग तंतुवाद्यांच्या हलक्या सायीवर कोर आंग्ले बोलू लागतं. ते दुहेरी पत्तीचं, आपल्या सनईच्या कुळातलं, पण सनईसारखं उजळ नाही. त्याचा आवाज बसका आणि किंचित नाकातला. रात्रभर जागलेल्या माणसानं सकाळी पहिला शब्द उच्चारावा तसा.

ओळ पहिल्यांदा रिषभावर थांबते तेव्हा काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा ती षड्जावर येते. पाच स्वरांतलं हे चालणं बर्लीच्या आजोबांच्या गाण्यांतलं आहे. पण तो पुढचा निषाद, आईला खटकलेला, मला द्वोर्झाकचा स्वतःचा वाटतो. पाहुण्यानं यजमानाच्या घरात जेवावं, त्यांच्याच पद्धतीनं जेवावं, आणि हात धुताना नकळत आपल्या गावचा शब्द तोंडून निघावा, तसा तो येतो. या भागामागे लाँगफेलोच्या 'हायावाथा' काव्यातलं वनातलं अंत्यसंस्काराचं दृश्य होतं, असंही म्हणतात. आदिवासी कथेवरचं गोऱ्या कवीचं काव्य, गुलामांच्या गाण्यांचं वळण आणि बोहेमियाची ओढ, एवढं सगळं त्या सोप्या ओळीत आहे.

आणि तिचा शेवट. ती धून परत येते तेव्हा मोजकीच तंतुवाद्यं उरलेली असतात, तीही आवाज दाबलेली. ओळ मधेच तुटते. शांतता. पुन्हा दोन-तीन स्वर, पुन्हा तुटते. गळा दाटलेला माणूस बोलताना थांबतो तसे ते विराम आहेत. जगातल्या फार थोड्या संगीतकारांनी न वाजवण्याला एवढं बोलतं केलं आहे. अगदी शेवटी फक्त डबल बास उरतात, तळाशी, जवळजवळ न ऐकू येणारे. पुढे १९२२ मध्ये विल्यम आर्म्स फिशर या त्याच्याच विद्यार्थ्यानं या धुनेवर घरी निघालेल्या माणसाचे शब्द बसवले. आता कित्येक अमेरिकन लोक ते जुनं स्पिरिच्युअलच समजतात. उसनं घेतलेलं एवढं मुरलं की मूळ मालकांच्या घरचं होऊन बसलं.

बर्लीनं पुढे स्पिरिच्युअल्सचं स्वरलेखन करून ती मैफलीच्या मंचावर आणली. १९४९च्या सप्टेंबरात तो वारला. त्याच वर्षी आसामचा एक तेवीस वर्षांचा तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला आला. तिथे भूपेन हजारिकांना पॉल रॉबसन भेटला. बर्लीनं मंचावर आणलेल्या परंपरेचा तो त्या काळातला सर्वांत मोठा आवाज होता. १९५० मध्ये अमेरिकन सरकारनं रॉबसनचा पासपोर्ट काढून घेतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आसामात प्रचंड भूकंप झाला आणि भूपेनदांचं जन्मगाव, जुनं सदिया, नदीनं गिळलं. जन्मगाव गमावलेला तरुण आणि देशाबाहेर पाऊल टाकायची बंदी झालेला गायक एकाच शहरात होते.

रॉबसनचं 'ओल्ड मॅन रिव्हर' हे गाणं मुळात १९२७च्या 'शो बोट' या संगीतिकेतलं. संगीत जेरोम कर्नचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या कष्टाचं हे गाणं दोन गोऱ्या माणसांनी लिहिलेलं. त्याच्या मुख्य धुनेचा सांगाडाही पाच स्वरांचाच. मूळ गाण्यात मिसिसिपी सगळं पाहते आणि काही न बोलता वाहत राहते, तिच्या काठी राबणारा माणूस थकलेला आणि हताश. रॉबसननं गाता गाता त्यातले शब्द बदलले, हताशेच्या जागी झुंज आणली. भूपेनदांनी ते पाऊल पुढे नेलं. 'बिस्तीर्ण पाररे' या त्यांच्या आसामी गाण्यात नदीला जाब विचारला आहे. दोन्ही काठांवरच्या माणसांचा आक्रोश ऐकूनही तू गप्प का वाहतेस? हिंदीत गंगेला विचारलेला हाच प्रश्न आपल्याकडे जास्त ओळखीचा.

हा बदल मला फार मोठा वाटतो. निसर्गाच्या उदासीनतेचं वर्णन करणं वेगळं आणि तिच्यावर रागावणं वेगळं. आपण रागावतो ते आपल्याच माणसावर. ब्रह्मपुत्रेनं ज्याचं गाव नेलं त्यानं तिला घरातल्या थोरल्या बाईसारखं धारेवर धरलं आहे. भूपेनदांचा आवाज इथे चढत नाही. खर्जातला, जाडसर, किंचित ओलसर आवाज. ते प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी जागा सोडतात. लार्गोच्या शेवटातले विराम मला इथे पुन्हा ऐकू येतात, फक्त ते इथे नदीच्या गप्प राहण्याचे आहेत.

याच तारखेचा आणखी एक गायक जाता जाता सांगायला हवा. मिसिसिपीचा जिमी रॉजर्स, १८९७चा. आधी रेल्वेत कामगार, मग अमेरिकन कंट्री संगीताचा जनक. त्यानं कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आल्प्सचं यॉडेलिंग मिसळलं आणि १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटबरोबर एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. तीन मिनिटांच्या आतलं. ऐकावं.

आता आशाताई. भूपेनदा तेरा वर्षांचेही नव्हते तेव्हा, १९३९ मध्ये, 'इंद्रमालती' या आसामी चित्रपटात गायले. आशाताईंचं पहिलं गाणं 'माझं बाळ' या मराठी चित्रपटातलं, १९४३चं, दत्ता डावजेकरांच्या संगीतातलं. वय दहा. आदल्या वर्षी त्यांचे वडील मास्टर दीनानाथ गेले होते. दोघांच्या गाण्याची सुरुवात अशी लहान वयात झाली, पण दोघांची जात अगदी वेगळी. भूपेनदा जे गातील ते भूपेनदांचं होतं. आशाताईंकडे उलट घडतं. त्या ज्या बाईचं गाणं गातात तिच्या स्वाधीन होतात. 'उमराव जान'साठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं, आणि लखनौची तवायफ उभी राहिली. वरची झळाळी काढून घेतल्यावर आवाजात जे उरलं ते अनुभवलेलं, थोडं थकलेलं आणि अजून अभिमानी होतं. दुसऱ्याचा स्वर घरी आणण्याची ही तिसरी रीत. द्वोर्झाकनं ओळीचं वळण घेतलं, भूपेनदांनी कल्पना घेऊन आशय बदलला, आशाताई माणूसच घेतात.

'रुदाली'त दोन आठ सप्टेंबर एकत्र आले. कल्पना लाजमींचा चित्रपट, महाश्वेतादेवींच्या कथेवरचा, शब्द गुलजारांचे, संगीत भूपेनदांचं. पडद्यावरची कथा राजस्थानच्या वाळवंटातली आणि संगीतकार पाण्याच्या देशातला. 'दिल हूम हूम करे'ची चाल त्यांनी फार आधी 'मणिराम देवान' या आसामी चित्रपटासाठी बांधली होती. ती वाळूत रुजली. त्याच चित्रपटातलं 'समय ओ धीरे चलो' आशाताईंच्या आवाजात ऐका. वेळेला सावकाश चालायची विनंती आहे, आणि त्या विनंतीत आशाताई केविलवाणेपणा येऊ देत नाहीत. शब्दाचा शेवट सोडून देताना त्या श्वास अलगद मोकळा करतात, ओढणी खांद्यावरून घसरावी इतक्या सहज.

आणि क्रोनॉस. सॅन फ्रान्सिस्कोच्या या चौकडीबरोबर २००५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आशाताईंनी आर. डी. बर्मन यांची गाणी नव्यानं गायली. तबल्यावर झाकीर हुसेन, चिनी पिपावर वू मान. पण मुळात दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो. १८९३च्या उन्हाळ्यात द्वोर्झाक आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या खेड्यात राहायला गेला. तिथे पोचल्यावर काही दिवसांतच, अवघ्या तीन दिवसांत, त्यानं आपल्या 'अमेरिकन' क्वार्टेटचा आराखडा याच चार वाद्यांसाठी लिहून काढला. तिथल्या एका पाखराचा बोलसुद्धा त्यानं त्यात टिपून घेतला. त्या क्वार्टेटमध्ये पहिली धून व्हायोलाला दिली आहे, मधल्या फळीतल्या वाद्याला. व्हायोलिनांच्या हलक्या थरथरीखालून ती उगवते, आणि तिचे स्वर परत तेच, भूपातले पाच. इथे मात्र आईला निषादाची तक्रार करता आली नसती.

आठ सप्टेंबरच्या संध्याकाळी माझा क्रम ठरलेला आहे. आधी व्हायोलाची ती धून, मग भूपेनदांचा नदीला प्रश्न, मग दिवे न लावता लार्गो. ते तुटक स्वर, ते विराम, तळाचे डबल बास. ते संपल्यावर मी लगेच काही लावत नाही. रस्त्यावरून कुणी सायकल नेत असतं, शेजारी कुकरची शिट्टी होते. मग शांता शेळके यांचं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं 'जिवलगा'. संध्याकाळ झालेली, पाय दमलेले, डोक्यावर ओझं आणि घर अजून लांब. आशाताई ती पहिली हाक मारतात.