कृपाबाई सत्यनाथन आणि धार्मिकतेचा अहंकार

मंदिरात प्रार्थनेस उभ्या राहिलेल्या परूश्याचा आणि जकातदाराचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे. आपण इतरांसारखे पापी नाही, याबद्दल परूशी देवाचे आभार मानतो. जकातदार मान वर करण्यासही धजत नाही. या दृष्टान्तातील खरा पेच वाचकापुढेच उभा राहतो. ‘आपण त्या परूश्यासारखे नाही’ असे समाधान मानणारा वाचक नकळत त्याच्याच शेजारी जाऊन उभा राहिलेला असतो. ख्रिस्ती कादंबरीकारापुढे हा पेच अधिकच बिकट होतो. कारण आपली श्रद्धा न स्वीकारणाऱ्यांचेही चित्र त्याला रेखाटावयाचे असते.

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, लेखन करणाऱ्या कृपाबाई सत्यनाथन (१८६२-१८९४) यांच्या दोन इंग्रजी कादंबऱ्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. अहमदनगरच्या हरिपंत खिस्ती या ब्राह्मण धर्मांतरिताच्या त्या कन्या. १८७८ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी मद्रासला गेल्या. प्रकृतीमुळे ते शिक्षण सुटले, पण पुढे त्याच शहरात त्यांची लेखणी बहरली.

१८८७-८८ मध्ये मासिकातून क्रमशः आलेल्या ‘सगुणा’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत मिशनऱ्यांचा वरचढपणा आणि साहेबी थाटाची नक्कल करणारे देशी ख्रिस्ती या दोहोंचाही समाचार घेतलेला आहे. परंतु दुसऱ्याचा अहंकार दाखविणे तुलनेने सोपे असते. अधिक मोलाचे आहे ते आई राधेचे चित्र. पतीच्या धर्मांतराने हादरलेल्या या स्त्रीचा विरोध कृपाबाईंनी केवळ अज्ञान म्हणून निकालात काढलेला नाही. तिची व्यथा त्यांनी व्यथा म्हणूनच मांडली आहे.

‘कमला’ (१८९४) मध्ये ही कसोटी अधिक कठोर होते. विधवा झालेली नायिका पुनर्विवाहाचा प्रस्ताव नाकारते आणि परोपकारात आयुष्य वेचते. ती ख्रिस्ती होत नाही, तरीही लेखिका तिचे नैतिक मोठेपण उणे करीत नाही. मात्र निवेदिका जेव्हा हिंदू स्त्रियांविषयी सरसकट मते देऊ लागते, तेव्हा तिच्या करुणेत उंचावरून पाहण्याची छटा मिसळते. पात्राने जे साधले, ते निवेदनाला सर्वत्र साधलेले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’शी (१९३४-३६) तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. लक्ष्मीबाई आपल्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पना कशा गळून पडल्या हे सांगताना प्रथम स्वतःलाच हसतात; त्यामुळे धर्मांतर हे त्यांच्या लेखनात विजयाचे निशाण ठरत नाही. कृपाबाईंना असे हसणे नेहमी परवडले नाही. इंग्रजी वाचकासमोर आपल्या समाजाची बाजू मांडण्याचे ओझे त्यांच्यावर होते, आणि वकिली करणाऱ्याला स्वतःच्या चुका हसत कबूल करणे अवघड जाते.

तरीही कमलेला तिच्याच धर्मात राहू देण्याचे धैर्य कृपाबाईंनी दाखविले. जकातदाराची नम्रता त्यांच्या उपदेशात नव्हे, तर या संयमात दिसते.