गुंड्याभाऊची जागा

बाळ कर्वे गेले ते ऑगस्ट २०२५मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी. बातम्यांच्या मथळ्यांत त्यांच्या नावाला 'गुंड्याभाऊ' चिकटलेला होता. मुंबई दूरदर्शनवरच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या त्या कृष्णधवल मालिकेला तोवर पंचेचाळीसच्या वर वर्षं उलटून गेली होती. शिवाय मालिकेतला मुख्य माणूस ते नव्हतेच. घर चिमणरावांचं, संसार चिमणरावांचा, फजितीही त्यांचीच. आणि ते काम दिलीप प्रभावळकरांचं. गुंड्याभाऊ म्हणजे त्या घरात कधीही येऊन थडकणारा नात्यातला दणकट भाऊ. अशा दुसऱ्या माणसाला प्रेक्षकांनी इतकी वर्षं का सांभाळलं, हे मला आजच्या विनोदी मालिका पाहताना वारंवार आठवतं.

चिं. वि. जोशींची ही जोडी त्याआधीही पडद्यावर आली होती. मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये (१९४०) दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पण सिनेमा दोन-अडीच तासांत आटोपतो. मालिकेतला माणूस पुन्हा पुन्हा घरी येतो, त्याची खोड आपल्याला पाठ होते. गुंड्याभाऊ तावातावाने उठला की पुढे काय वाढून ठेवलंय हे चिमणरावांच्या आधी प्रेक्षकाला कळायचं. हसू फुटायचं ते तिथे, विनोदी वाक्य यायच्या आधीच.

कर्व्यांनी गुंड्याभाऊ कधी 'विनोदी' केला नाही, आणि त्यांची मोठी कमाई मला हीच वाटते. आपण सांगतोय तोच शहाणपणाचा मार्ग, यावर त्यांच्या गुंड्याभाऊची पक्की श्रद्धा होती. समोरच्याला भीती ही चीजच माहीत नाही म्हटल्यावर चिमणरावांची धांदल खरी वाटायची. रंगभूमीवरची माणसं याला 'समोरच्याला देणं' म्हणतात. टाळी आपल्याला मिळणार नाही हे ठाऊक असताना ती पिकेल अशी जमीन तयार करायची, आणि टाळी पडल्यावर ती ओसरेपर्यंत भूमिकेत उभं राहायचं. प्रभावळकरांच्या चिमणरावाबद्दल भरपूर लिहिलं गेलं, ते योग्यच आहे. पण त्यांच्या प्रत्येक दचकण्याला समोरून धक्का देणारं कुणीतरी लागत होतं.

कर्वे व्यवसायाने अभियंता. मुंबई महापालिकेत त्यांनी तीसहून अधिक वर्षं नोकरी केली आणि तिच्यासोबत नाटक केलं. 'रथचक्र'पासून 'कुसुम मनोहर लेले'पर्यंत ते रंगमंचावर दिसत राहिले. चूल नोकरीवर पेटत असल्यामुळे छोटी भूमिका नाकारायची किंवा मनापासून करायची, हे त्यांना ठरवता येत होतं. दुय्यम भूमिकेची कला या स्वातंत्र्यावरही उभी असते. आजच्या दैनंदिन मालिकेतल्या सहायक नटाचं मानधन दिवसाच्या हिशेबावर असतं आणि हाती यायला अनेकदा नव्वद दिवस लागतात. कथेचं वळण बदललं की त्याचे दिवस कमी होतात. मग तो मिळालेल्या दिवसांत लक्षात राहायची धडपड करतो: एखादा तोंडी शब्द, एखादा हेल. यात दोष त्या नटाचा नाही.

हिंदीतही या कलेचे चांगले दिवस येऊन गेले. 'ये जो है जिंदगी'त (१९८४) सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नवा माणूस होऊन येत. घर शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचं, दाराची घंटा वाजवणार शाह. तेही ऑक्टोबर २०२५मध्ये गेले. पुढे 'ऑफिस ऑफिस'ने (२००१) हा डाव उलटा मांडला. पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर वेळी नव्या कचेरीत जातो आणि तिथे भेटतात तेच चेहरे: मनोज पाहवाचे खादाड भाटियाजी, संजय मिश्राचे पान चघळणारे शुक्लाजी, देवेन भोजानीचा पटेल, हेमंत पांडेचे पांडेजी, आसावरी जोशींच्या उषाजी. कचेरी बदलते, माणसं बदलत नाहीत. भ्रष्टाचारावरचं भाष्य संवादांत शोधायची गरजच राहिली नाही, ते या सहायक नटांच्या वाटपातच होतं. मला हा भारतीय टीव्हीवरचा या कलेचा सर्वांत बुद्धिमान वापर वाटतो.

त्याच संजय मिश्रांनी वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबई सोडली आणि ऋषिकेशला एका ढाब्यावर काम धरलं. रोहित शेट्टींनी त्यांना 'ऑल द बेस्ट'साठी (२००९) परत आणलं. रजत कपूरच्या 'आँखों देखी'त ते नायक झाले तेव्हा लोकांना नवा नट सापडल्यासारखं वाटलं. शुक्लाजी नीट पाहिलेल्यांना नवल वाटायचं कारण नव्हतं. पान चघळत समोरच्याच्या हतबलतेकडे शांतपणे बघणारा तो माणूस अभिनयात आधीच पूर्ण होता.

मराठीत आज विनोदाची भरती आहे ती प्रहसनांच्या कार्यक्रमांत. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तली समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर ही मंडळी अस्सल गुणी आहेत. एकमेकांना देणं त्यांना उत्तम कळतं. माझी तक्रार साच्याबद्दल आहे. प्रहसन काही मिनिटांत संपतं, त्यामुळे पात्राला ओळख करून देण्याच्या क्षणापासूनच हशा मिळवावा लागतो. मुरायला वेळ नाही. पुढच्या आठवड्यात तोच नट दुसराच कुणी असतो.

'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये तो वेळ होता. तिथे प्रभावळकर आबा होते, मध्यभागी होते. पण मला आठवते ती जेवणाच्या टेबलाभोवतीची ऐकणारी माणसं. शुभांगी गोखलेंची शामल काही न बोलताही भाग पुढे नेई, राजन भिसेंचा शेखर पोराला ओरडता ओरडता स्वतःच अवघडून जाई. कुणाच्याच हातात खास टाळीचं वाक्य नव्हतं. त्या टेबलाशी कोण कुणानंतर बोलणार आणि कोण गप्प बसणार, हे हळूहळू आपल्यालाही कळू लागलं होतं.