मस्तकहीन खलपुरुष : कबंध आणि आर्निम झोला

चित्रकथांतील खलपुरुष म्हणजे पुराणांतील राक्षसांचाच नवा अवतार होय, असे विधान मराठीत वारंवार केले जाते. ते सोयीचे असल्यामुळे तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. दशमुखी रावण, थेंबाथेंबातून पुन्हा उभा राहणारा रक्तबीज, दोन शकले जोडून सिद्ध झालेला जरासंध ही नावे एका बाजूस मांडावयाची, दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळेत घडविलेले वा बिघडलेले देह मांडावयाचे, आणि साम्य दाखवून थांबावयाचे, अशी ही रीत आहे. साम्य खोटे नसते. पण साम्य दाखविणे म्हणजे समीक्षा नव्हे. ज्या उदाहरणात ते सर्वांत अधिक आहे तेच हाती घेऊन या विधानाची परीक्षा करणे अधिक न्याय्य ठरेल.

असे उदाहरण आर्निम झोला याचे आहे. 'कॅप्टन अमेरिका अँड द फाल्कन' या अमेरिकन चित्रकथा-मासिकाच्या २०८ व्या अंकात, १९७७ साली, तो प्रथम अवतरला. लेखक व चित्रकार एकच, जॅक कर्बी. झोला हा स्विस जीवरसायनशास्त्रज्ञ असून नाझींच्या सेवेत मुरलेला आहे. त्याच्या धडावर मस्तक नाही. मस्तकाच्या जागी एक यंत्रपेटी आहे आणि त्याचा चेहरा छातीवरील पडद्यावर उमटतो. पडद्यावरचा हा चेहरा बोलतो, हसतो, आज्ञा देतो. हे शरीर त्याला अपघाताने मिळालेले नाही. त्याने ते स्वतःसाठी बनविले आहे.

मराठी वाचकाला येथे अरण्यकांडातील कबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यालाही मस्तक नाही, मान नाही. तोंड पोटात, एकच डोळा छातीवर. योजनभर लांबीचे बाहू पसरून तो जागचा न हलता भक्ष्य ओढून घेतो. दोन चित्रे शेजारी ठेवली तर एकावरून दुसरे काढले असावे, असा भ्रम होतो. कर्बीने रामायण पाहिले होते असे मानण्याचे कारण नाही, आणि मुद्दा उसनवारीचा नाहीच. मस्तकहीन देहावर चेहरा खाली सरकविण्याची कल्पना दोन दूरच्या परंपरांना सुचावी, यात नवल थोडे. नवल आहे ते त्या कल्पनेचे पुढे काय झाले यात.

वाल्मीकींच्या कथेत कबंध स्वतःची हकिगत स्वतः सांगतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तो पूर्वी सुंदर होता. भयंकर रूप धारण करून वनातील ऋषींना भिवविण्याचा त्याला छंद जडला होता. स्थूलशिरा नावाच्या ऋषीने त्याला शाप दिला की, हेच रूप तुझे कायमचे होईल. म्हणजे विकृतीचा आरंभ त्याच्याच खेळात आहे. शापाने केवळ मुखवटा निघेनासा केला. पुढे ब्रह्मदेवाकडून दीर्घायुष्य मिळवून तो इंद्रावर चालून गेला, आणि वज्राच्या आघाताने त्याचे मस्तक व मांड्या धडात शिरल्या. तथापि वर होता म्हणून मरणही नाही. तेव्हा तो विचारतो : खाऊ कसा? जगू कसा? आणि ज्याने शिक्षा केली तो इंद्रच त्याला पोटात तोंड आणि लांब बाहू देतो. पाहणाऱ्याला जो भाग सर्वांत किळसवाणा वाटतो, तोच कथेतील दयेचा भाग आहे. पोटातले तोंड ही शिक्षा नव्हे. शिक्षेत दिलेली सवलत आहे. कीर्तनात हा प्रसंग भराभर उरकला जातो, कारण पुढे शबरीचे आख्यान वाट पाहत असते; पण रामायणातील राक्षसांत इतक्या बारकाईने समजावून सांगितलेले दुसरे शरीर विरळाच.

रामलक्ष्मणांनी बाहू तोडल्यावर कबंध आपले दहन करण्याची विनंती करतो. चितेतून तो पूर्वीच्या तेजस्वी रूपात वर येतो आणि सुग्रीवाचा ठावठिकाणा सांगतो. सीतेच्या शोधाची दिशा जी पक्की होते, ती एका राक्षसाच्या तोंडून, पण ते तोंड पोटातून सुटल्यावर.

आता झोला पाहावा. त्याला पूर्वरूप नाही असे नाही. परंतु त्याला त्याची ओढ नाही. ज्या शरीराला कबंध तुरुंग समजतो, तसल्याच शरीराला झोला आपली कीर्ती समजतो. त्याच्या आरंभीच्या कथेत हिटलरचे मन कॅप्टन अमेरिकेच्या धडधाकट शरीरात बसविण्याचा घाट आहे. दुसऱ्याचा देह म्हणजे रिकामे घर, मालकाला हाकलून आवडीचा भाडेकरू आणावयाचा, अशी ही दृष्टी. आणि ती त्याने आधी स्वतःच्या देहावर चालवून पाहिलेली आहे. म्हणून त्याची विकृती ही शिक्षेची खूण नसून धंद्याची पाटी आहे. येथे पुराणाचा धागा तुटतो, आणि इतिहासाचा सुरू होतो.

कर्बी हा १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये गरीब ज्यू घरात जन्मला. १९४१ साली जो सायमन याच्याबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका निर्माण केला आणि १९४४ साली पायदळाचा सैनिक म्हणून तो नॉर्मंडीत उतरला. १९४६-४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे २३ प्रतिवादींवर जो खटला चालला, त्यातील बहुसंख्य डॉक्टर होते. बंदिवानांच्या देहावर त्यांच्या संमतीवाचून केलेले प्रयोग हा त्या खटल्याचा विषय होता. सात जणांना फाशी झाली. आउश्वित्झचा डॉक्टर योझेफ मेंगेले मात्र हाती लागला नाही. झोला कागदावर उतरला त्या १९७७ साली मेंगेले ब्राझीलमध्ये लपून जगत होता. तो तेथेच १९७९ साली मेला. म्हणजे कर्बीचा खलपुरुष हा दंतकथेचा विस्तार नसून न सुटलेल्या फौजदारी प्रकरणाचे चित्र होय. त्याला 'आधुनिक राक्षस' म्हणून पुराणात ढकलून देणे म्हणजे त्या प्रकरणाचे कागद गहाळ करण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. देह हा जीर्ण वस्त्रासारखा असून आत्मा तो टाकून नवा घेतो, ही कल्पना गीतेने घरोघर पोचविली आहे. मग देह बदलणाऱ्या झोलाने मराठी मनाला एवढे का दचकवावे? आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु गीतेतील वस्त्र बदलणारा आपले वस्त्र स्वतः शिवीत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगावरचे तर ओढून घेतच नाही. जुन्या देहातील कर्माचा हिशेब नव्या देहात त्याच्यामागून येतो. झोला देह बदलतो तो नेमका हिशेब चुकविण्यासाठी. शिवाय तत्त्वज्ञान काहीही सांगो, मराठी लोकपरंपरेने देहाला नुसते वस्त्र कधी मानलेले दिसत नाही.

याची साक्ष जुन्नर तालुक्यातच आहे. पारगाव तर्फे आळे या गावाच्या नावात ज्या आळ्याच्या तर्फेचा उल्लेख आहे, त्या आळ्यास रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद बोलविले, तो रेडा नेवाशाहून आळंदीकडे जाताना येथे निवर्तला, अशी परंपरा आहे. परक्या देहातून भलतीच वाणी निघणे, हा झोलाच्या प्रयोगशाळेतील नित्याचा व्यवहार या कथेतही आहे. पण वाणी निघून गेल्यावर उरलेल्या जनावराच्या देहाचे काय, हा प्रश्न लोकपरंपरेने विचारला आणि समाधी बांधून त्याचे उत्तर दिले. ज्या देहाने वाणी वाहिली, तो देहही पूज्य ठरला. त्याच मुलखात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशाकडे कान लावून उभी आहे. तेव्हा येथील वाचकाला विज्ञान परके म्हणून झोला परका वाटतो, असेही म्हणता येणार नाही.

मराठीत या जातीचा स्वतःचा खलपुरुष झाला तो चित्रकथेत नव्हे, चित्रपटात. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधील तात्या विंचू मरतेवेळी मृत्युंजय मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. या कल्पनेचे मूळ 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटात आहे, हे सर्वश्रुत आहे. आणि मूळातही साधन प्रयोगशाळा नसून जादूटोणाच आहे. तरीही रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज यांच्या संयोगातून जे पात्र उभे राहिले, त्याचा स्वभाव विचार करण्याजोगा आहे. तात्या विंचूची सारी धडपड बाहुल्यातून बाहेर पडण्याची आहे. त्याला लाकडी अमरत्व नको, लक्ष्याचे रक्तमांसाचे शरीर हवे. तो दुष्ट आहे, दुसऱ्याचा देह बळकावू पाहतो, इतक्यापुरता तो झोलाचा भाऊबंद; पण मिळालेल्या देहाची त्याला लाज वाटते, आणि त्या लाजेने तो कबंधाच्या कुळात बसतो. प्रेक्षक त्याला भितात आणि हसतातही, याचे कारणही हेच असावे. अडकलेला माणूस, कितीही दुष्ट असला तरी, ओळखीचा वाटतो.

झोलाच्या बाबतीत कर्बीचे यश निर्भेळ नाही, हेही सांगितले पाहिजे. छातीवरचा तो मोठा चेहरा पहिल्या दर्शनी धक्का देतो. पण चौथ्या-पाचव्या पानापासून त्याची सवय होते आणि मग तो थोडा हास्यास्पद दिसू लागतो. संवादही तेवढे धारदार नाहीत. झोला आपल्या हुशारीचे वर्णन आपणच करीत राहतो. याहून गंभीर दोष पुढील लेखकांच्या हातून घडला. मनाच्या प्रती काढता येतात हे एकदा मान्य केल्यावर त्यांनी झोलाला हवे तेव्हा मारले आणि हवे तेव्हा नव्या देहात उभे केले. ज्याचे मरण खरे नाही त्याचा पराभवही खरा नसतो, आणि ज्याचा पराभव खरा नाही त्याच्याशी झुंजणाऱ्याचे शौर्यही हळूहळू पोकळ होते. कबंधाच्या कथेत दहन एकदाच होते.

मराठीत इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ आणि मॅन्ड्रेक घरोघर नेले. झोला मात्र मराठी प्रेक्षकापर्यंत आला तो प्रामुख्याने चित्रपटांतून. 'कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अव्हेंजर' (२०११) मध्ये टोबी जोन्स या नटाने त्याला चारचौघांसारखा, बुटका, भित्रा शास्त्रज्ञ केला. 'द विंटर सोल्जर' (२०१४) मध्ये त्याचे मन जुन्या संगणकांच्या चुंबकीय फितींवर साठविलेले आढळते. तेथे हातपाय नाहीत, छाती नाही. काचेवर हिरवट चेहरा तेवढा आहे. युद्धानंतर अमेरिकेने जर्मन शास्त्रज्ञांना आपल्या सेवेत घेतले, त्या 'ऑपरेशन पेपरक्लिप'चा त्या प्रसंगी नाव घेऊन उल्लेख होतो. कर्बीच्या चित्रातील देहाची विटंबना येथे लोपली, हे नुकसान खरे; पण हा खलपुरुष पळून जाऊन कोठे लपला नव्हता, विजेत्यांनीच त्याला कचेरी, पगार आणि तळघर दिले होते, ही गोष्ट १९७७ च्या त्या पानांत नव्हती.