ढाक्यातील एका स्टॉलचा खटला

ढाक्याच्या 'अमर एकुशे' ग्रंथमेळ्याविषयी आम्हांला पहिल्यापासून आपुलकी वाटत आली आहे. १९५२ च्या २१ फेब्रुवारीस मातृभाषेसाठी प्राण वेचलेल्यांच्या स्मरणार्थ भरणारा हा मेळा. १९७२ साली चित्तरंजन साहा यांनी बांगला अकादमीच्या आवारात चटईवर मोजकी पुस्तके मांडली, तेव्हापासून त्याची सुरुवात मानतात. सीमाभागातील आपल्या वाचकांना ही आपुलकी समजावून सांगायला नको. म्हणूनच २०२३ सालचे 'आदर्श' प्रकाशनाचे प्रकरण अधिक सलते.

फहाम अब्दुस सलाम यांच्या एका पुस्तकावर अकादमीने आक्षेप घेतला आणि प्रकाशकाला स्टॉलच नाकारला. ते पुस्तक मेळ्यात न ठेवण्याची तयारी दाखवूनही उपयोग झाला नाही. ८ फेब्रुवारीस उच्च न्यायालयाने स्टॉल देण्याचा आदेश दिला, पण तीन पुस्तके तेथे ठेवू नयेत या अटीवर. पुढे अपील विभागात तोही आदेश स्थगित झाला आणि मेळा 'आदर्श'विना पार पडला.

आमची हयात सरकारी कचेरीत गेली. जागा थोडी नि अर्जदार फार, तेथे नियमावली लागतेच. परंतु भाडे, आकारमान, सोडत यांचे नियम वेगळे आणि मजकुराची पारख वेगळी. 'अशोभनीय' हा शब्द नियमात शिरला की टेबलामागचा माणूस त्याचा हवा तो अर्थ लावतो. (आम्हीही कधीकाळी लावला असेल.)

पुस्तक जप्त करण्यासाठी तेथे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ९९-अ आहे. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेले कलम ९५ त्याचाच वारसा होते. सरकारने कारणे नमूद करून अधिसूचना काढावी आणि बाधिताने तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जावे, एवढी वाट ब्रिटिश अमदानीतील त्या कलमानेही मोकळी ठेवली आहे. स्टॉल नाकारला म्हणजे अधिसूचनेची गरजच उरत नाही. शिवाय एका पुस्तकापायी प्रकाशकाची सगळी यादीच मेळ्याबाहेर राहते. उच्च न्यायालयाचा आदेश आम्हांला त्यामुळे अर्धाच वाटतो. बंदीचा हुकूम नसलेली पुस्तके वगळण्याची अट घालून त्याने अकादमीचा मूळ आक्षेप जवळजवळ मान्यच केला.

मेळा फेब्रुवारीपुरता असतो. मार्चात मिळालेला न्याय प्रकाशकाच्या काय कामाचा? अर्ज फेटाळायचाच असेल, तर तो डिसेंबरातच आणि लेखी कारणांसह फेटाळावा.