खानदेशातील ग्रंथविक्री : ई-पुस्तकांच्या काळातील अस्तित्वाचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयात खानदेशाचे स्थान वादातीत आहे. बालकवी, बहिणाबाई चौधरी, साने गुरुजी, भालचंद्र नेमाडे ही नावे या भूमीशी निगडित आहेत. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. अमळनेर येथे १९५२ आणि २०२४ असे दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्या प्रदेशाने एवढे लिहिले, त्या प्रदेशातील ग्रंथविक्रेता टिकेल काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रतिस्पर्धी कोण?

फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकविक्रीनेच व्यवसायाचा आरंभ केला. ॲमेझॉनची भारतीय सेवा २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके आली. मुंबईतील १९४८ पासूनचे 'स्ट्रँड बुक स्टॉल' २०१८ मध्ये बंद झाले. यावरून ई-पुस्तकांनी दुकाने संपविली, असा निष्कर्ष सरसकट काढला जातो. जळगाव-धुळ्याच्या संदर्भात तो अपुरा ठरतो.

जिल्ह्याच्या ठिकाणचा 'बुक डेपो' मुख्यतः पाठ्यपुस्तके, गाईड, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि वह्या यांवर चालत आला. जून-जुलैची गर्दी हाच त्याचा वर्षभराचा आधार. परंतु ही पुस्तके विद्यार्थी नाव सांगून मागतो. तीच सवलतीत घरपोच मिळू लागल्यावर दुकानाची पायरी चढण्याचे कारण उरत नाही. ज्या पुस्तकाचे नावही ठाऊक नाही ते हाती पडणे, चाळून पाहता येणे आणि जाणत्या विक्रेत्याने ते सुचविणे, हे दुकानाचे खरे सामर्थ्य होय. दुर्दैवाने तेच दुर्लक्षित राहिले.

सवलतीचा प्रश्न

सवलतीच्या स्पर्धेत लहान विक्रेता टिकू शकत नाही, कारण ती त्याला स्वतःच्या कमिशनातूनच द्यावी लागते. फ्रान्सने १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरील सवलत ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. २०२३ पासून ३५ युरोंहून कमी खरेदीवर किमान ३ युरो घरपोच शुल्कही बंधनकारक केले. भारतात असे संरक्षण नाही. त्यामुळे संस्थात्मक खरेदीचे महत्त्व वाढते.

महाविद्यालयीन ग्रंथालये सामान्यतः दरपत्रके मागवून अधिक सवलत देणाऱ्याकडून पुस्तके घेतात. सार्वजनिक पैसा काटकसरीने खर्च व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. तथापि सवलत हाच एकमेव निकष झाला की, ग्रंथनिवडीऐवजी सवलतीची टक्केवारीच निर्णायक ठरते. क्रमिक पुस्तकांपुरती ही पद्धत योग्य मानली, तरी अवांतर वाचनाच्या खरेदीचा काही भाग प्राध्यापकांनी स्थानिक दुकानात प्रत्यक्ष पाहून निवडणे नियमांच्या चौकटीत शक्य करता येईल.

दुकानाने काय करावे?

विक्रेत्यानेही बदलणे अपरिहार्य आहे. अहिराणी साहित्य, कोश, स्थानिक इतिहास आणि येथील लेखकांची स्वप्रकाशित पुस्तके यांचे स्वतंत्र दालन त्याला उभारता येईल. मोठ्या संकेतस्थळांवर अशी पुस्तके असलीच, तरी नेमके नाव ठाऊक असल्याखेरीज सापडणे कठीण. दूरध्वनीवर मागणी घेऊन चोपडा, शिरपूर, साक्रीपर्यंत पुस्तक पोहोचविणे आणि जुन्या पुस्तकांची देवघेव हे मार्गही खुले आहेत.

समारोप

ई-पुस्तकाला विरोध करण्याचे कारण नाही. अक्षरे मोठी करून वाचणाऱ्या ज्येष्ठांना आणि दुर्मीळ संदर्भ शोधणाऱ्या संशोधकांना त्याचा लाभच होतो. प्रश्न वेगळा आहे. बहिणाबाईंची कविता वर्गात शिकविली जाते. पण त्यांचा संग्रह गावातील दुकानात चाळता येत नसेल, तर ते अपयश केवळ विक्रेत्याचे नव्हे. त्या संग्रहाची मागणी दुकानात कधीही न नोंदविणारा अध्यापकवर्गही त्यास तितकाच जबाबदार आहे.